तळ्यातली म्हैस

धक्क्याच्या अगदी टोकाला मांडी घालून बसलं की नेट यायचं, मांडी मोडली की जायचं. हसू नका, खरंच सांगते. लाकडी धक्का होता तो, तळ्यात शिरलेला, शेवटची फळी सैल, आणि त्या सैल फळीवर मी, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपला टेकवून उभा केलेला फोन. डावीकडं जरा कलले की रेंजच्या दांड्या गायब, उजवीकडं कलले तर लॅपटॉप पाण्यात. आणि तिकडून सांगलीहून शाहीन म्हणतेय, बाई, सगळं भरून दिलंय मी, आता फक्त ओटीपी टाक आणि मला जेवायला जाऊ दे.

शाहीन म्हणजे शाहीन मुजावर, तासगावच्या शाळेत माझ्या शेजारी बसायची, आता सीए आहे. आणि हे सगळं चाललेलं होतं भारतातल्या इन्कम टॅक्सच्या रिटर्नसाठी. सहा वर्षं झाली त्याला. मी फिनलंडला जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. पुण्यात नोकरीला होते तोवर रिटर्न ऑफिसमधलंच कुणीतरी भरून द्यायचं, मी कधी ढुंकून बघितलं नव्हतं. पण त्या वर्षी थोडा पगार पुण्याचा, बाकीचा फिनलंडचा, आणि पुण्याचं ऑफिस आता माझं नाही, म्हणजे पहिल्यांदाच माझं मी. मला वाटलं होतं आकड्यांचं काहीतरी भयंकर असेल. आकडे शाहीननं केले. माझ्या वाट्याला एकच प्रश्न होता, तोही तिनं विचारला नाही, नुसता सांगून टाकला.

"तू आता अनिवासी," ती म्हणाली. "टिक केलं मी."

अनिवासी. तुम्ही हा शब्द एकदा एकटे असताना मोठ्यांदा म्हणून बघा. चिंचेच्या झाडावर राहणाऱ्या कुणाचं तरी नाव वाटतं. मी म्हटलं, शाहीन, दुसरा शब्द नाही का गं? ती म्हणाली, आहे की, रहिवासी, पण तो तुला लागू नाही, तू वर्षातला निम्म्याहून जास्त काळ तिकडं होतीस, आता वाद घालू नकोस.

वाद कुठला घालते, मी त्या दिवसांत जरा तरंगतच होते. जुलै महिना. तिकडं जुलैत सगळा देशच सुट्टीवर जातो. ऑफिसातल्या पिर्कोनं तिचं पार उत्तरेकडचं, तळ्याकाठचं लाकडी घर मला आठवडाभर राहायला दिलं होतं. लाल घर, पांढऱ्या चौकटी, मागं टोकदार झाडं, पुढं तळं. आणि अंधार म्हणून नाहीच. सूर्य कलतो, कलतो, आता बुडणार असं वाटतं, आणि तसाच कडेकडेनं चालत राहतो. झोप यायची ती ताकासारखी पातळ. उठलं तरी झोपेतच असल्यासारखं आणि झोपलं तरी डोळ्यांत उजेड. सकाळी पाण्यावर वाफ, वाफेत झाडं, झाडांची टोकं वरही आणि खाली पाण्यातही, आपण कुठल्या बाजूला उभे आहोत तेच कळायचं नाही.

पहिल्या दिवशी दार उघडून बाहेर आले आणि उंबऱ्यावरच थांबले. कारण हे ठिकाण मला माहीत होतं. याच्यासमोर उभं राहून निम्म्या तासगावानं लग्नाचे फोटो काढलेत.

थांबा, सांगते. पप्पांचा फोटो स्टुडिओ आहे ना तासगावला, एसटी स्टँडच्या मागं, आवटी फोटो स्टुडिओ, तिथं एक रंगवलेला पडदा आहे. मी जन्मायच्या आधीपासूनचा. कोल्हापूरच्या एका पेंटरनं काढलेला, त्यानं बर्फ कधी बघितलेलाही नसणार. निळं तळं, लाल घर, टोकदार झाडं, लांब पांढरे डोंगर. लोक त्याला स्वित्झर्लंड म्हणायचे. नवीन लग्न झालेलं जोडपं आलं की म्हणायचं, मामा, स्वित्झर्लंड लावा. मी लहानपणी त्या पडद्याच्या मागं जाऊन बघायची, की या घरात जायचा रस्ता कुठून आहे. मागं नुसती भिंत आणि मोडके स्टँड. मग परत पुढं येऊन बघायची, तर घर तिथंच.

आणि मला त्या तळ्याचं एक खटकायचं. तळ्यात काहीच नव्हतं. आमच्याकडं तळं म्हटलं की त्यात म्हैस असतेच की नाही? नुसतं डोकं वर काढून, डोळे मिटून बसलेली. मग पहिलीत असताना एका दुपारी पप्पा जेवायला घरी गेलेले, मी त्यांचा फोटोवरचे डाग झाकायचा, रिटचिंगचा ब्रश घेतला, काळा रंग घेतला आणि तळ्याच्या बरोबर मधोमध म्हैस काढली. डोकं, शिंगं, थोडी पाठ. पप्पा आले. पडद्यासमोर उभे राहिले. बराच वेळ. मी पाठीवर धपाटा बसणार म्हणून डोळे घट्ट मिटलेले. आणि पप्पा म्हणाले, शिंगं जमलीत.

तो पडदा त्यांनी कधी पुसला नाही, रंगवला नाही. फोटोला माणसं उभी राहिली की सांगायचे, नवरदेव, जरा उजवीकडं सरका, म्हणजे म्हैस नवरदेवामागं झाकली जायची. पण कुठं कुठं माणसं बारीक असायची, कुठं कुणी हलायचं. त्यामुळं आमच्या गावात कितीतरी अल्बममध्ये स्वित्झर्लंडच्या तळ्यात म्हैस बसलेली आहे.

तर तसल्या तळ्यासमोर मी बसलेली, आणि आता ओटीपी. तुम्हाला सगळ्यांना हे माहितीच आहे, ओटीपी जातो आधारला जोडलेल्या भारतातल्या नंबरवर, आणि माझं ते सिम आईच्या फोनमध्ये. मी निघायच्या आधीच घालून दिलं होतं. ओटीपी लागला की मी आईला फोन करायची आणि आई वाचायची. तिचं वाचणं जोडीनं. त्रेपन्न, एकोणऐंशी, चौऱ्याण्णव. आणि मला आजही एकोणऐंशी म्हटलं की सत्तरातले की ऐंशीतले ते बोटं मोजावी लागतात. शिवाय वाचता वाचता तिच्या गप्पा, भाजी काय केलीस, पाय दुखतात का. आणि दर वेळी एकच, मोठ्यांदा बोल गं, मोठ्यांदा. मला वाटायचं तिला कमी ऐकू यायला लागलंय.

मी साइटवर बटण दाबलं, ओटीपी गेला, आणि आईला फोन लावला. तिकडं दुपारची वेळ. उचलला. आणि आईचा आवाज नाही.

"हॅलो," पप्पा म्हणाले. "ती पलूसला गेलीय, डोहाळजेवणाला. फोन हितं चार्जिंगला लावला आनि विसरली."

आता तुम्हाला सांगायला पाहिजे, की मी निघाल्यापासून पप्पा माझ्याशी बोलले नव्हते. एक शब्द नाही. म्हणजे भांडणसुद्धा झालं नव्हतं, भांडण झालं असतं तर बरं. झालं होतं असं, की पप्पांनी नवीन बोर्ड रंगवून आणला होता. मोठा, पिवळ्यावर लाल अक्षरं. आवटी आणि कन्या फोटो स्टुडिओ. मला न सांगता. मी पुण्याहून नागपंचमीला घरी आले तेव्हा तो कागदात गुंडाळून भिंतीला टेकवलेला, आणि पप्पा कात्रीनं कागद फाडत होते, चेहरा असा, की लहान पोरासारखा. आणि माझ्या खिशात फिनलंडच्या गेम कंपनीचं पत्र. लायटिंगचं काम. खेळातल्या झाडांवर, भिंतींवर उजेड कसा पडेल ते ठरवायचं. जे मी पप्पांकडूनच शिकले, त्यांच्या फ्लॅशच्या छत्र्या धरून, त्यांचे बल्ब बदलून. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं. मला वाटलं लगेच सांगितलेलं बरं. पप्पांनी फाटलेला कागद परत बोर्डावर लावला, चिकटपट्टीनं, नीट, कोपरे दाबून.

पण व्हिसाचा फोटो त्यांनीच काढला. मी दुसरीकडं जाणार होते. आई म्हणाली, असलं काही करू नकोस, गावात काय तोंड राहील त्यांचं. मग मी स्टुलावर बसले, मागं पांढरा कपडा, आणि पप्पा कॅमेऱ्यामागं. मान सरळ, म्हणाले. हनुवटी जरा खाली. फ्लॅश उडाला. हलू नकोस, म्हणाले. मी तशीच बसून राहिले, आणखी एक घेतील म्हणून. घेतला नाही. आत गेले आणि जरा वेळानं पाकीट आणून काउंटरवर ठेवलं, गिऱ्हाइकाला ठेवतात तसं. स्टँडवर सोडायला आले नाहीत.

आणि आता हॅलो.

"पप्पा," मी म्हटलं.

पलीकडं स्टुडिओतला पंखा कटकट करत होता. तो आवाज मी कुठंही ओळखेन. मला वाटलं आता ठेवतील. ठेवला नाही. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं, की एक मेसेज आला असेल, त्यात सहा आकडे असतील, ते मला वाचून दाखवा, पंधरा मिनिटांनी ते चालत नाहीत, शाहीन खोळंबलीय. पप्पा म्हणाले, फोन कानाला लावला की मेसेज दिसत नाही, मेसेज बघायला गेलो की तुझा आवाज जातो. मी स्पीकर कुठंय ते सांगितलं. मग बराच वेळ खुडबूड. मग पप्पांनी मेसेज वाचायला घेतला, पहिल्यापासून, इंग्लिशमध्ये, एकेक शब्द सुटा, कोर्टाचा कागद वाचल्यासारखा. आणि बरोबर आकड्याच्या अलीकडं थांबले.

"हितं लिहिलंय, डू नॉट शेअर विथ एनीवन."

"हो पप्पा, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही."

"तू कोन?"

"धनश्री."

"कशावरून?"

मला हसूही येईना आणि रडूही. कारण त्यात अर्धं खरं होतं. पेठेतल्या एका बेदाणा व्यापाऱ्याला त्याच महिन्यात फोन आला होता, अगदी त्याच्या पोराच्या आवाजात, आणि तो चांगलाच फसला होता, आईनं मला सगळं सांगितलेलं. आणि दुसरं म्हणजे पप्पा पहिल्यापासून तसलेच. कुठल्याही मुलीचा फोटो तिच्याच हातात द्यायचे, भाऊ येऊ दे, मामा येऊ दे, नाही म्हणायचे, ती आली की देतो. म्हणजे ते आता रागानं विचारत होते की काळजीनं, मला सांगता यायचं नाही. बहुतेक दोन्ही.

मी म्हटलं व्हिडिओ लावते, चेहरा बघा.

"चेहऱ्याचं मला नको सांगू. तीस वर्षं लोकांचे चेहरे मीच बदलत आलोय."

"मग विचारा की काहीतरी. मलाच माहीत असेल असं."

पंखा कटकट करत राहिला. माझ्या पायाला मुंग्या आलेल्या, पण हलायची सोय नाही. तळ्यावर वारा नव्हता. पलीकडच्या काठावरून एक पक्षी निघाला, पाण्याला चिकटून उडत गेला, आणि त्याच्या खाली पाण्यातूनही एक उडत गेला.

"पडद्यावरच्या तळ्यात काय हाय?" पप्पांनी विचारलं.

"म्हैस."

"कुनी काढली?"

"मी. आणि तुम्ही म्हणालात, शिंगं जमलीत."

"ते अख्ख्या गावाला माहितीय."

ते बाकी खरं होतं. त्यांनीच सांगितलेलं सगळ्यांना. शाहीनचा मेसेज वर येऊन गेला, झालं का? त्याच्या मागं दुसरा, मी जेवायला बसले.  पप्पांनी घसा खाकरला. पप्पा घसा खाकरतात ते एकतर गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं असलं की, नाहीतर बिडी ओढून आल्यावर.

"जायच्या आधी तुझा फोटो काढला. व्हिसाचा."

"हो."

"तवा मी काय बोललो?"

"मान सरळ."

"आनि?"

"हनुवटी खाली."

"आनि?"

"हलू नकोस."

"मग?"

"मग काय पप्पा, मी कुठं हलले? तुम्ही दुसरा घ्याल म्हणून तशीच बसून राहिले की."

"दुसरा कशाला घेऊ," पप्पा म्हणाले. "फोटो निघाला होता."

मला आधी कळलंच नाही. म्हणजे मी तोंड उघडलं होतं काहीतरी बोलायला, बहुतेक असंच, की बरं मग आकडे सांगा. आणि मग ते स्टूल आठवलं. पांढरा कपडा. मान सरळ, हनुवटी खाली. फ्लॅश. डोळ्यांपुढं ते हिरवं-जांभळं तरंगतं ना फ्लॅशनंतर, ते तरंगत होतं आणि त्याच्या पलीकडून पप्पा म्हणाले होते. फ्लॅश आधी. ते शब्द नंतर.

तळं इतकं गप्प होतं की लॅपटॉपचा बारीक पंखासुद्धा ऐकू येत होता. तासगावचा मोठा पंखा आणि हा बारीक.

"मला वाटलं फोटोसाठीच म्हणताय," मी म्हटलं.

"फोटोवाला मानूस," पप्पा म्हणाले. "दुसरं काय म्हननार."

  मला नाक ओढायचं होतं, पण ते फोनवर ऐकू गेलं असतं, म्हणून मी तेही ओढलं नाही. मग पप्पाच म्हणाले, बरं, घे आकडे. त्यांनी सांगितले, मी टाकले, आणि साइट म्हणाली या ओटीपीची मुदत संपली.

मी सांगितलं. पप्पा म्हणाले, म्हंजी आता? मी म्हटलं, परत मागवावा लागेल, वेळ आहे ना तुम्हाला?

"मागव की. मी कुठं चाललोय."

ते त्यांनी अगदी साधं म्हटलं, पण म्हटलंच.

मागवला. मेसेज आल्याची टुंग मला इकडं ऐकू आली. पप्पांनी या खेपेला इंग्लिशचा कागद वाचला नाही, सरळ आकड्यांवर आले.

"सात," म्हणाले. "टाकलास? नऊ. टाकलास? सुटंच सांगतो. तुला एकोणऐंशी कळत न्हाई."

माझं बोट नऊवर होतं, ते तिथंच राहिलं.

"तुम्हाला काय माहीत मला एकोणऐंशी कळत नाही ते?"

"सुमन स्पीकरवर बोलती," पप्पा म्हणाले. "पुढं, चार."

सुमन म्हणजे आई. मोठ्यांदा बोल गं, मोठ्यांदा. मी काय काय बोलले होते त्या सगळ्या फोनवर ते डोक्यात भराभर यायला लागलं, की पहिल्या थंडीत मला कसं वाटलं, की भात लागला, की ऑफिसात मी एका भिंतीवर दुपारचा उजेड पाडला तो सगळ्यांना आवडला आणि मी सांगितलंच नाही की तो आमच्या स्टुडिओच्या भिंतीवरचा आहे, म्हणजे आईला सांगितलं होतं. मोठ्यांदा. आणि आई असल्या गोष्टीला कधी काही म्हणायची नाही, नुसती म्हणायची, परत सांग की, नीट ऐकू आलं नाही.

चार, शून्य, दोन, सहा. टाकले. गोल फिरत राहिलं. फिरत राहिलं. मी श्वासही वर ठेवलेला, नेटसाठी. आणि मग हिरवी खूण आली.

"झालं?"

"झालं."

"काय झालं म्हंजी? कसला कागद हाय ह्यो?"

मी सांगितलं, टॅक्सचा, आणि त्यात सरकारला कळवायचं असतं की मी आता तिथं राहत नाही.

"ते सरकारला आत्ता कळलं?"

"हो."

"आम्हाला त्याच दिवशी कळलं," पप्पा म्हणाले. आणि मग जरा थांबून, "काय म्हनत्यात त्याला?"

"अनिवासी."

पप्पांनी तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला. त्यांच्या तोंडात तो माझ्यापेक्षाही वाईट वाटला. मला वाटलं आता ठेवतील, काम झालंच होतं. त्यांनी विचारलं, मग निवास कुठंय?

मी म्हटलं, दाखवते, आणि व्हिडिओ लावला. या खेपेला त्यांनी चेहऱ्यांचं काही काढलं नाही.

पहिल्यांदा नुसता पंखा दिसला, मग छत, मग पप्पा. मिशी पांढरी. आधी रंगवायचे, मला माहीतच नव्हतं की ती खाली पांढरी आहे. पप्पांनी मला बघितलं, पण एकदाच, आणि लगेच नजर माझ्या मागं गेली. फोटोवाल्याची सवयच ती, मागं काय येतंय ते आधी.

"हात लांब कर," म्हणाले. "मागचं दाखव."

मी फोन हातात घेतला. बाकीची तश्शीच, मांडी न मोडता, फक्त हात लांब केला आणि सगळं दाखवलं. घर, झाडं, तळं. हळूहळू, डावीकडून उजवीकडं, ते वरातीत कॅमेरा फिरवायचे तसा. पप्पा बोलेनात. मला वाटलं नेट गेलं. मग दिसलं की ते फोन घेऊन चालतायत, आणि मग ते थांबले आणि त्यांच्या मागं तो पडदा आला. ते मान वळवून एकदा पडद्याकडं बघत होते आणि एकदा माझ्याकडं.

"घराचा रंग जरा फिका हाय त्या पेंटरचा," म्हणाले. "बाकी बरोबर काढलंय की बेट्यानं."

"हो ना."

"उजेड चांगलाय. ह्यो दिवसभर असाच ऱ्हातो?"

मी म्हटलं, दिवसरात्र. पप्पांनी नुसतं हं केलं. मग म्हणाले, "तळ्यात म्हैस न्हाई."

"नाही पप्पा, इकडं नसतात."

"हाय की," पप्पा म्हणाले. "धक्क्यावर बसलीय."

मी हसले तशी फळी हलली आणि चित्र फुटलं, चौकोन चौकोन झाले, मी परत पुतळा झाले तेव्हा जुळलं. बघितलं तर पप्पा तिथं नव्हते. फोन कशावर तरी ठेवलेला. कडेला थोडंसं दिसत होतं, पिवळं, त्यावर लाल अक्षरं. तो बोर्डच होता. दोन स्टुलांवर आडवा टाकलेला, त्यावर फोटो कापायचं कटर, फुटपट्टी, चहाचा ग्लास. आणि ग्लासच्या शेजारी 'कन्या'. आईनं मला कधी सांगितलं नव्हतं की ते त्यावर काम करतात.

पप्पा परत आले ते गळ्यात कॅमेरा घालून.

"सरळ बस," म्हणाले.

त्यांनी फोन उचलला, पडद्याच्या पुढं एक स्टूल सरकवलं आणि त्यावर मला उभं केलं. एकदा उजवीकडं सरकवलं, एकदा डावीकडं. स्क्रीनवर चकाकी येती म्हणाले आणि एक दिवा बंद केला. मला फक्त ते दिसत होते, कॅमेऱ्यामागं, एक डोळा मिटलेला. मला माहीत होतं माझ्या मागं काय आहे. माझ्या मागं तळं होतं, लाल घर, टोकदार झाडं, आणि त्या फोनच्या मागंही तेच, आणि मधोमध जिथं नवरदेवाला उभं करायचे तिथं मी. म्हैस झाकली होती की दिसत होती, ते मी विचारलं नाही.

"मान सरळ," पप्पा म्हणाले. "हनुवटी खाली."

केली.

"हलू नकोस."

शटरचा आवाज आला. स्पष्ट आला, माझ्या कानांनी ऐकला. फोटो निघाला होता. तरी मी बसून राहिले. पायाच्या मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलं नाही, पापणीसुद्धा लवू दिली नाही. पाणी हलत नव्हतं, झाडं हलत नव्हती, सूर्य तर तिकडं कधी हलल्यासारखा दिसतच नाही. मला वाटलं असंच राहता येईल. कुणी काही बोललं नाही तर असंच राहता येईल, तळ्यात एक आणि पडद्यावर एक.

पप्पांनी कॅमेरा खाली घेतला. वाकून फोनजवळ आले, इतके जवळ की नुसती मिशी दिसत होती. बोटानं काचेवर टकटक केलं.

"धने, नेट अडकलं काय?"

"नाही," मी ओठ न हलवता म्हटलं.

पप्पा जरा वेळ बघत राहिले.

"फोटो निघाला गं," म्हणाले. "हल आता."

मी मांडी मोडली. आणि नेट गेलं.